मोठ्या फॉरमॅटचे घरगुती इलेक्ट्रॉनिक शटर : चुंबकाने ओढायचे की धरायचे?

चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा सागवान, कापडी भाता आणि घासलेली काच जमवून घरी बनवता येतो. अडते ते शटरपाशी. स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या लेन्स बहुतेक छापखान्यातल्या प्रोसेस कॅमेऱ्यांच्या असतात. संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर हे कॅमेरे भंगारात गेले आणि त्यांच्या २४०, ३००, ४८० मिमीच्या एफ/९ लेन्स सुट्या विकल्या जाऊ लागल्या. छापखान्यात एक्स्पोजर दिव्यांच्या टायमरवर ठरत असे, त्यामुळे या लेन्समध्ये शटर कधी नव्हतेच. त्यांना बसू शकणारी कोपाल पद्धतीची यांत्रिक शटरे २०१० च्या दशकात बनायची थांबली. आता जुन्यावर भागवायचे किंवा स्वतः बांधायचे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येईल. ओल्या प्लेटच्या दिवसांत एक्स्पोजर सेकंदांचे असे. लेन्सचे टोपण काढायचे, मोजायचे, परत लावायचे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ब्रिटिश निरीक्षकांची तुकडी विजयदुर्गावर उतरली, तेव्हा युद्धनौकेवरचे खलाशी उपकरणांवर नेमले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या काळी ग्रहणाच्या प्लेटा एकाने सेकंद मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने टोपण हाताळायचे, अशाच उजळवल्या जात. उपकरणांसाठी किल्ल्यावर बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ अजून दाखवतात. कोरड्या प्लेटा वेगवान झाल्या तसे गुरुत्वाने पडणारे गिलोटिन शटर आले, मग कापडी पडद्याचे आणि रबरी फुगा दाबून उघडायचे. गावोगावच्या स्टुडिओंत तो फुगा बराच काळ टिकला.

१९१२ मध्ये आलेल्या कॉम्पर शटरने दातेचक्रांची साखळी आणली. त्याआधीच्या पद्धतीत हवेच्या सिलिंडरमधला दट्ट्या वेळ ठरवत असे आणि दट्ट्या झिजला की वेळ बदले. दातेचक्रांनी ती अडचण बरीचशी मिटवली, पण वंगण आले. किनाऱ्यालगतच्या दमट, खाऱ्या हवेत जुने तेल चिकट होते आणि सर्वांत आधी मंद वेळा बिघडतात. १ सेकंदाचे दीड-दोन सेकंद होतात किंवा यंत्रणा मध्येच अडकते. १/१२५ मात्र बऱ्यापैकी चालत राहतो, कारण तिथे मंद गतीची चक्रे गुंततच नाहीत. कोकणात मोठ्या कॅमेऱ्याचे काम नेमके मंद वेळांवरच चालते. सड्यावरची कातळशिल्पे सकाळच्या तिरक्या उन्हात उठून दिसतात. शंभर आयएसओची फिल्म, एफ/३२ आणि तेव्हाचे मऊ ऊन धरले, तर वेळ १/६ च्या आसपास येते. पिवळा फिल्टर लावला की ती दुप्पट होते. देवराईत तर सेकंदांतच बोलायचे. १/५०० गाठायच्या नादात बांधकाम अवघड करणाऱ्यांनी आपण कशाचे फोटो काढणार आहोत, ते आधी ठरवावे.

इलेक्ट्रॉनिक वेळमापन बाजारातल्या कॅमेऱ्यात आले ते १९६० च्या दशकात. १९६३ च्या एका झटपट छायाचित्राच्या कॅमेऱ्यात ट्रान्झिस्टरवर चालणारे शटर होते. त्याची रचना आजही डोळ्यांसमोर ठेवण्याजोगी आहे. पाती हलवायचे काम स्प्रिंगचे. विद्युतचुंबक बंद होणारी पाती फक्त धरून ठेवी आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ठरावीक पातळीला भरला की सोडून देई. पुढे १९७२ मध्ये ५५५ ही चिप आली आणि हौशी लोकांना स्वस्तात टायमर करता येऊ लागला : वेळ = १.१ × रोध × धारिता. शंभर किलोओम आणि १० मायक्रोफॅरडला १.१ सेकंद. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धारिता छापील आकड्यापेक्षा वीस टक्के इकडे-तिकडे असते, शिवाय दमट बोर्डावर गळती वाढते. म्हणून अशा टायमरची डायल प्रत्यक्ष मोजूनच आखावी लागे. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप, आल्यावर हा प्रश्न संपला. अर्डुइनो नॅनोसारखा १६ मेगाहर्ट्झचा बोर्ड चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने वेळ मोजतो आणि घड्याळाची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. तेव्हापासून घरगुती शटरचा वाद वेळ मोजण्याचा उरलेला नाही. वाद आहे तो पाती कशी हलवायची याचा.

एक बाजू सोलेनॉइडची, म्हणजे वीज दिली की लोखंडी दांडा ओढून घेणाऱ्या वेटोळ्याची. बारा व्होल्टचा, १० मिमी चालीचा सोलेनॉइड पातीला जोडायचा. वीज दिली की पाती उघडते, काढली की स्प्रिंग ती मिटवते. शटर आटोपशीर होते, दर वेळी कोंबडा चढवावा (स्प्रिंग ताणून अडकवावी) लागत नाही आणि लांबून कितीही वेळा चालवता येते. पाव सेकंदापुढच्या कामाला यात काही उणे नाही. त्याखाली मात्र अडचण सुरू होते. उघडायला समजा २५ मिलिसेकंद लागले आणि मिटायला ४०, तर प्रत्येक एक्स्पोजरमध्ये १५ मिलिसेकंदांची भर पडते. एका सेकंदात हा फरक दीड टक्का. १/३० मध्ये मात्र ३३ चे ४८ होतात, म्हणजे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). निगेटिव्ह तो पोटात घालेल, स्लाइड फिल्म घालणार नाही. एवढे मिलिसेकंद प्रोग्रॅममधून वजा करावेत, हा नेहमीचा उपाय. पण हा आकडा स्थिर राहत नाही. तीन सेलच्या लिथियम पॅकचा दाब १२.६ व्होल्टवरून दहाच्या खाली येतो. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, तेव्हा वेटोळे ४० अंशांनी तापले तर रोध सुमारे सोळा टक्के वाढतो आणि पाती उशिरा उघडते. मे महिन्यात सड्यावर काळ्या डब्यात हे सहज होते.

सोलेनॉइडला आडवा लावलेला १एन४००७ डायोड हा या प्रकारातला सर्वांत दुर्लक्षित दोष. तो मॉस्फेट, म्हणजे सोलेनॉइडची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, वाचवतो, पण वेटोळ्यातला प्रवाह फिरता ठेवतो आणि पाती मिटायला उशीर करतो. डायोडच्या सरीत, उलट दिशेने, २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक दाबाला उलटा वाहणारा डायोड) लावला की प्रवाह झटकन मरतो. तेव्हा मॉस्फेटवर साधारण ३७ व्होल्ट येतात. ५५ व्होल्टच्या आयआरएलझेड ४४ एनला ते चालतात. आयआरएफ ५२० मात्र घेऊ नये, पाच व्होल्टच्या गेटवर तो पुरता उघडतच नाही.

याहून मोठा प्रश्न भूमितीचा आहे. एकच पाती जाऊन परत येते तेव्हा जी कड शेवटी उघडते तीच सर्वांत आधी झाकली जाते. शटर अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राच्या, पातळीवर असेल तर याने फक्त एकूण प्रकाश कमी होतो. घरगुती शटर बहुधा लेन्सच्या पुढे बसते; तिथे जलद वेळांना चित्राची एक बाजू उजळ आणि दुसरी मंद येते. मग ‘१/३०’ म्हणजे पूर्ण उघडे असतानाचा काळ, की अर्धे उघडण्यापासून अर्धे मिटेपर्यंतचा, हा वाद घालावा लागतो.

दुसऱ्या बाजूला १९६३ चीच कल्पना दुहेरी करून वापरतात. दोन पाती एकाच दिशेने स्प्रिंगवर धावतात आणि प्रत्येकीला एक चुंबक धरून ठेवतो. पहिल्या चुंबकाची वीज तोडली की छिद्र उघडते, दुसऱ्याची तोडली की मिटते. सोडायला लागणारा उशीर दोन्हीकडे सारखाच असल्याने तो आपोआप वजा होतो. दोन्ही पात्यांचा वेग सारखा असेल तर छिद्रातल्या प्रत्येक बिंदूला तितकाच वेळ प्रकाश मिळतो, मग पाती हळू पळो की जोरात. अर्ध्या-पूर्ण उघडण्याचा वाद इथे उरत नाही. बॅटरी मध्येच बसली तर दुसरी पाती सुटून शटर मिटते, फिल्म जळत नाही. एक सेकंद आणि त्याखालचे काम ज्याला नेमके हवे, त्याने हीच रचना करावी.

किंमत मोजावी लागते ती आकाराची. ५० मिमी छिद्राला कडा झाकण्यापुरती ६० मिमीची पाती लागते आणि शटरच्या घराची लांबी छिद्राच्या तिपटीहून जास्त, १९० मिमीच्या आसपास होते. लेन्सबोर्डावर ते मावत नाही, पुढेच लावावे लागते. पाती ०.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही बाजूंनी काळी. टोकाला काटकोनात वाकवलेली १ मिमी जाड लोखंडी पट्टी चुंबकाला टेकते. सगळे मिळून चार-पाच ग्रॅम वजन आणि तीनेक न्यूटनची स्प्रिंग धरली, तर ६० मिमीचा पल्ला साधारण १५ मिलिसेकंदांत पार होतो. २० मिमी व्यासाचा, पंचवीस न्यूटनचा, बारा व्होल्टला पाव अँपिअर घेणारा धारक चुंबक भरपूर होतो. गुरुत्वावर पडणारे जुने गिलोटिन इथे उपयोगाचे नाही, कारण कातळशिल्पासाठी कॅमेरा खाली झुकवावा लागतो आणि पातीचे पडणेच मंदावते. रबर बँडही नको. उन्हाने त्याचा ताण महिन्या-दोन महिन्यांत बदलतो.

यात बिघडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. वीज तोडल्यावरही लोखंडात थोडे चुंबकत्व उरते आणि पट्टी चिकटून राहते. तिच्यावर ०.०५ मिमीचा पॉलिएस्टर टेपचा एक थर लावला की ती सुटते. थर वाढवत नेले तर पकड झपाट्याने घटते. खाऱ्या हवेत चुंबकाच्या तोंडावर गंज चढला तर त्याचाही थर होतो, म्हणून निकेलचा मुलामा असलेला चुंबक घ्यावा आणि ते तोंड पॉलिश पेपरने घासू नये. दुसरी पाती तळाला आपटून उसळली तर छिद्र क्षणभर पुन्हा उघडते आणि हलत्या वस्तूची दुसरी फिकी प्रतिमा येते. तळाशी जाड फेल्ट आणि पातीची कडेला ६-८ मिमी जादा झाक, हा त्यावर इलाज. कोंबडा चढवण्याआधी फिल्म होल्डरची डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकपट्टी) आत हवी. फोकस करताना दुसरी पाती चुंबकावर ताटकळत ठेवू नये, चुंबक तापतो. तिला एक यांत्रिक आकडी द्यावी. फ्लॅशची जोडणी पहिल्या पातीच्या शेवटच्या थांब्यावर ठेवावी. पल्लाच १५ मिलिसेकंदांचा असल्याने १/६० पेक्षा जलद वेळेला छिद्र एकदम पूर्ण उघडत नाही आणि फ्लॅश अर्धवट पडतो.

तपासणीला बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज वाहू देणारा), उलट दिशेने दिलेला दाब आणि १० किलोओमचा रोध पुरतो. प्रकाश बॅटरीच्या टॉर्चचा, तोही पूर्ण उजेडावर. घरातल्या दिव्यात सेकंदाला शंभर वेळा चढउतार असतो आणि आलेखावर त्याचे दात उमटतात. मोजणी छिद्राच्या मधोमध आणि दोन्ही कडांना वेगवेगळी करावी. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर दोन स्प्रिंगचा ताण सारखा नाही. पाती काळ्या प्लॅस्टिकची असेल तर आणखी एक चकवा बसतो. काही काळी प्लॅस्टिके अवरक्त किरण जाऊ देतात, फोटोडायोडला ते दिसतात आणि शटर मिटलेले असूनही गळके वाटते. साध्या फिल्मला ते किरण दिसत नाहीत. अशा वेळी अवरक्त न देणाऱ्या पांढऱ्या एलईडीवर मोजणी पुन्हा करावी. मृगाच्या आधी बोर्डावर संरक्षक लॅकरचा हात द्यावा, जोडण्या सोनेरी मुलाम्याच्या घ्याव्यात आणि शटर सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवावे. तरीही पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फिल्मआधी तिन्ही जागांची मोजणी नव्याने करावी लागते.