बेघर माजी सैनिकांचे पुनर्वसन (अमेरिका)

लष्करी सेवेतून बाहेर पडलेल्या, पण राहायला घर नसलेल्या व्यक्तींना निवारा, भाड्यासाठी अनुदान, औषधोपचार व समाजसेवकाचे साहाय्य पुरविणारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्था. ‘माजी सैनिक’ या संज्ञेमुळे मराठी वाचकाचा थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. आपल्याकडे हा शब्द आला की निवृत्तिवेतन, कॅन्टीनचे कार्ड आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ओघाने येते. अमेरिकेत तीन-चार वर्षांचा करार संपवून परतलेला शिपाईही ‘व्हेटरन’च म्हणवतो. निवृत्तिवेतनासाठी साधारणतः वीस वर्षांची सेवा लागते. त्यामुळे बहुसंख्य व्हेटरन त्याविनाच घरी जातात. घर असले तर.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. सरकारी पुस्तिकांतून प्लिमथ वसाहतीच्या 1636 च्या ठरावाचा हवाला दिला जातो. लढाईवर पाठविलेला मनुष्य जायबंदी होऊन परतल्यास वसाहतीने त्याचे आयुष्यभर नीट पोषण करावे, असा त्याचा आशय आहे. तथापि त्यात निवासाचा उल्लेख नाही. शिवाय इंग्लंडमध्ये 1593 च्या कायद्याने जखमी सैनिकांसाठी पॅरिशवार (चर्चच्या हद्दीतील गाववार) पट्टी बसविली होतीच. प्लिमथचा ठराव त्याच परंपरेतला दिसतो.

दुसरे मत नौदलाच्या बाजूने पडते. 1811 च्या कायद्यात अपंग व जराजर्जर नौदल अधिकारी, खलाशी आणि मरीन यांच्यासाठी कायमच्या आश्रमाची तरतूद होती. फिलाडेल्फियातील त्याची इमारत मात्र 1830 च्या दशकाच्या आरंभी पुरी झाली. भूदलाचा ‘सोल्जर्स होम’ 1851 चा. जनरल विनफील्ड स्कॉटने मेक्सिको सिटी घेतल्यावर, शहर न लुटण्याच्या बदल्यात दीड लाख डॉलर वसूल केले होते. त्यांतील शिल्लक रक्कम वॉशिंग्टनमधील या वास्तूच्या कामी आली. पुढचा खर्च शिपायांच्याच पगारातून दरमहा 25 सेंट कापून भागवीत. उत्तर व दक्षिणेच्या राज्यांतील यादवी युद्धाच्या (1861–65) काळात राष्ट्राध्यक्ष लिंकन उन्हाळ्यात येथे मुक्कामाला असे.

ही दोन्ही ठिकाणे नियमित सेवेतील लोकांसाठी होती. यादवी युद्ध लढले ते मुख्यतः स्वयंसेवक. त्यांच्यासाठी लिंकनने 3 मार्च 1865 रोजी वेगळ्या राष्ट्रीय आश्रमाच्या कायद्यावर सही केली. पहिली शाखा 1866 च्या अखेरीस मेन राज्यातील टोगस येथे सुरू झाली, तीही एका बुडीत गेलेल्या झऱ्याकाठच्या हॉटेलात. मागोमाग डेटन, मिलवॉकी, हॅम्प्टन अशा शाखा निघाल्या. रहिवाशांना निळा गणवेश, हजेरी व शिस्त असे. कृष्णवर्णीय सैनिकांनाही आरंभापासून प्रवेश होता. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांना नव्हता. त्यांच्यासाठी त्या त्या राज्यांनी स्वतंत्र आश्रम काढले. मूळ नावातील ‘असायलम’ हा शब्द वेड्यांच्या इस्पितळाची आठवण करून देई, म्हणून 1873 मध्ये तेथे ‘होम’ शब्द आला. आजच्या व्यवस्थेच्या जमिनी, इमारती आणि निम्मे वाद याच संस्थेकडून वारशाने आलेले असल्याने आरंभ 1865 पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

विसावे शतक : 1930 मध्ये हे आश्रम, पेन्शन कार्यालय व व्हेटरन्स ब्यूरो एकत्र करून व्हेटरन्स प्रशासन स्थापण्यात आले. दोनच वर्षांनी, पहिल्या महायुद्धाचा बोनस मागण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये झोपड्या टाकून बसलेल्या माजी सैनिकांना जनरल मॅकआर्थरच्या फौजेने हुसकावून लावले (28 जुलै 1932). 1944 च्या ‘जी. आय. बिला’ने (परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्याने) शिक्षण व गृहकर्जाची सोय केली आणि तीन-साडेतीन दशके हा प्रश्न मागे पडल्यासारखा झाला.

तो पुन्हा वर आला 1980 च्या दशकात. दाढी वाढलेला, छावणीतले जाकीट घातलेला व्हिएटनामचा शिपाई हे चित्र लोकांच्या मनात तेव्हापासून घट्ट बसले आहे. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट रोझेनहेक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मांडलेले निष्कर्ष त्याला पुरते दुजोरा देत नाहीत. बेघर होण्याचा वाढीव धोका त्यांना प्रत्यक्ष व्हिएटनाम लढलेल्या पिढीपेक्षा तिच्यानंतर, सक्तीची भरती संपल्यावर लष्करात गेलेल्या तरुणांत अधिक आढळला. भरतीला गरीब घरातील मुले येऊ लागली, हे त्याचे एक स्पष्टीकरण. युद्धाचा मानसिक आघात हे कारण कोणी नाकारत नाही. पण गरिबी, व्यसन, तुटलेले नातेसंबंध व महागडी भाडी यांना बाजूला सारून त्यावर सगळा भार टाकता येत नाही, असे अभ्यासकांचे साधारण मत दिसते.

1988 मध्ये सॅन डिएगोतील व्हिएटनाम व्हेटरनांनी ‘स्टँड डाउन’ भरविले. आघाडीवरील तुकडीला विश्रांतीसाठी मागे घेण्याची ही लष्करी संज्ञा. मैदानात तंबू, आंघोळ, न्हावी, दातांचा डॉक्टर, कोरडे कपडे. पुढच्याच वर्षी तेथे न्यायालयही भरले. उघड्यावर झोपल्याचा किंवा रेल्वेचे तिकीट न काढल्याचा दंड थकलेला मनुष्य वॉरंटच्या भीतीने सरकारी कचेरीची पायरी चढत नाही. त्याचे जुने खटले जागच्या जागी निकाली काढण्याची ही युक्ती पुढे अनेक शहरांनी उचलली.

हड-व्हॅश : गृहनिर्माण खाते (हड) व व्हेटरन्स खाते (पूर्वीचे व्हेटरन्स प्रशासन) यांची 1992 पासूनची संयुक्त योजना. पहिले खाते भाड्याचे व्हाउचर देते, दुसरे समाजसेवक पुरविते. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के रक्कम भरायची, उरलेले भाडे घरमालकाला परस्पर पोहोचते. चार शहरांतील 460 व्हेटरनांच्या चाचणीत (2003) व्हाउचर मिळालेल्यांचे घरात राहिल्याचे दिवस, केवळ समाजसेवक मिळालेल्यांपेक्षा 16 टक्क्यांनी व नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी अधिक भरले. योजना मात्र मधल्या काळात रखडली. 2008 पासून दरवर्षी नवी व्हाउचरे निघू लागली. 2012 पासून तिने ‘आधी घर’ हे तत्त्व स्वीकारले. दारू सुटण्याची अट घर मिळण्याआधी घालायची नाही, असा त्याचा अर्थ.

व्हाउचर हातात पडले म्हणजे घर मिळाले असे नव्हे. भाडे मर्यादेत बसले पाहिजे, घर तपासणीत उतरले पाहिजे, आणि मालकाने हो म्हटले पाहिजे. अनामतीसाठी व थकलेल्या भाड्यासाठी एस. एस. व्ही. एफ. (सपोर्टिव्ह सर्व्हिसेस फॉर व्हेटरन फॅमिलीज) ही वेगळी योजना आहे (पहिली अनुदाने 2011). तात्पुरत्या वसतिगृहांना दरडोई, दररोज अनुदान देणारी तिसरी. एक विसंगती बराच काळ टिकून होती : सेवेत आलेल्या अपंगत्वाचा भत्ता उत्पन्नात धरल्याने अधिक अपंग असलेला माणूस काही गृहसंकुलांसाठी ‘जास्त कमावता’ ठरे. हड खात्याने 2024 मध्ये पात्रतेचा हा नियम सैल केला.

गणना : जानेवारीतील एका रात्री स्वयंसेवक विजेऱ्या घेऊन पुलांखाली, मोटारींत, निवाऱ्यांत माणसे मोजतात. 2010 मध्ये अशी सुमारे 74 हजार व्हेटरनांची नोंद झाली, 2024 मध्ये 32,882. 1990 च्या दशकातील अडीच लाखांचे अंदाज वेगळ्या पद्धतीचे आहेत. त्यांच्याशी तुलना करू नये. 2015 च्या आरंभी न्यू ऑर्लीन्सने प्रश्न संपल्याचे जाहीर केले; म्हणजे नव्याने रस्त्यावर येणाऱ्याला लवकर घर देण्याइतकी क्षमता शहराकडे आली, एवढेच.

वेस्ट लॉस अँजेलिस : 1888 मध्ये वर सांगितलेल्या राष्ट्रीय आश्रमासाठी दान मिळालेल्या भूमीपैकी आज सुमारे 388 एकर उरली आहे. व्हेटरन्स खात्याने भाड्याने दिल्याने तिच्यावर विद्यापीठाचे बेसबॉल मैदान व खासगी शाळेची क्रीडांगणे उभी राहिली, तर कुंपणाबाहेर पदपथावर व्हेटरनांचे राष्ट्रध्वज लावलेले तंबू होते; ते नोव्हेंबर 2021 मध्ये हलविले. 2011 च्या दाव्यात 2013 मध्ये हे भाडेकरार बेकायदा ठरले, 2015 मध्ये तडजोड झाली, बाराशे घरांचा आराखडा निघाला. बांधकाम रेंगाळल्यावर 2022 मध्ये पुन्हा दावा झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी आणखी घरे बांधण्याचा आदेश दिला. त्यावर अपील झाले.

मिलवॉकी शाखेची 1869 ची मुख्य इमारत, ‘ओल्ड मेन’, अनेक वर्षे छत गळत ओस पडली होती. दुरुस्त होऊन 2021 मध्ये ती व आवारातील इतर काही इमारती मिळून 101 घरे झाली; त्यांतील 80 ‘ओल्ड मेन’मध्ये आहेत. बरॅकीच्या जागी आता प्रत्येकाला स्वतःचे स्वयंपाकघर, कुलपाचे दार आणि भाडेकरार आहे.