फ्रेंच वर्गासाठी खेळपेटी : शिक्षकांसाठी माहितीपत्रक

ही पेटी आठवी ते अकरावीच्या फ्रेंच वर्गांसाठी बनवली आहे. चाळीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास, हलवता न येणारी बाके आणि शेजारी चालू असलेला गणिताचा वर्ग, एवढे धरूनच खेळांची मांडणी केली आहे. तुमच्या वर्गात मुले कमी असतील तर काही कार्डे बाजूला ठेवा. खेळाचे नियम मात्र बदलू नका. त्यामागचे कारण प्रत्येक ठिकाणी दिले आहे.

खेळ निवडताना आमची कसोटी एकच असते. फ्रेंचचा एक शब्दही न बोलता जो खेळ जिंकता येतो, तो भाषेच्या तासाला उपयोगाचा नाही. आयफेल टॉवर रंगवणे, तिरंगी पताका कापणे यात मुले रमतात, पण तासभर बोलतात मराठीच. म्हणून या पेटीतल्या प्रत्येक खेळात असा एक टप्पा ठेवला आहे, जिथे योग्य वाक्य तोंडातून निघाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

देवनागरीबद्दल एक विनंती

या पत्रकात फ्रेंच शब्द देवनागरीत छापले आहेत ते फक्त तुमच्या वाचनाच्या सोयीसाठी. पेटीतल्या कार्डांवर केवळ फ्रेंच लेखन आहे. त्याखाली पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून देण्याचा मोह टाळा. मूल एकदा 'र्यू' (रस्ता) असे वाचायला लागले की तो 'यू' पुढे वर्षानुवर्षे जिभेवरून उतरत नाही. हा स्वर मराठीत नाही, त्यामुळे कोणत्याही अक्षराने तो दाखवता येत नाही. तो तोंडानेच शिकवावा लागतो.

कृती सोपी आहे. मुलांना लांब 'ई' म्हणायला लावा. आवाज आणि जीभ तशीच ठेवून ओठ तेवढे 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायला सांगा. जो आवाज येईल तो फ्रेंच 'यू'. ओठांबरोबर जीभही मागे सरकली की साधा 'ऊ' ऐकू येतो. बहुतेकांचे इथेच चुकते. अशा वेळी पुन्हा 'ई'पासून सुरुवात करा.

मग 'वर की खाली' हा पेटीतला पहिला खेळ घ्या. 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. दोन्हींत फरक या एकाच स्वराचा. प्रत्येक मुलाच्या हातात खोडरबर आणि समोर वही. तुम्ही तोंडासमोर कागद धरून दहा वेळा यातला एक शब्द म्हणायचा आणि मुलांनी रबर वहीवर किंवा वहीखाली ठेवायचे. ओठ दिसले तर मुले बघून ओळखतात, म्हणून कागद हवाच. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखता येईपर्यंत मुलांना हा शब्द बोलायला सांगू नका. कानाला फरक कळला नसेल तर तोंडातून तो येणार नाही.

अनुनासिक स्वरांची अडचण वेगळी आहे. आपण 'आंबा' लिहितो पण म्हणतो 'आम्बा', म्हणजे अनुस्वाराच्या जागी पूर्ण व्यंजन येते. त्याच सवयीने मुले 'बाँ' (चांगला) या शब्दाचा 'बोन' करतात, आणि 'बोन' हे तर त्याच विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. तपासायचे असेल तर शब्दाच्या शेवटी जीभ कुठे आहे ते विचारा. ती दातांना किंवा टाळूला टेकली असेल तर 'न' झाला. घरी मालवणी किंवा कोकणी बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांना आधी उभे करा. त्यांच्या बोलीत अनुनासिक स्वर आजही जिवंत आहेत.

एक गोष्ट मराठी मुलांना आयती मिळते आणि ती वाया जाते. फ्रेंचमधले 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या सवयीने मुले 'टाब्ल', 'मॅडम' म्हणतात. 'ताब्ल', 'मादाम' म्हणा एवढे सांगितले तरी अर्धा उच्चार तिथेच सुधारतो.

मार्शे : वर्गातला बाजार

पेटीतला सगळ्यात मोठा खेळ हाच. त्यासाठी एक पूर्ण तास राखून ठेवा.

साहित्य असे : आठ गाड्यांच्या पाट्या, वस्तूंची ४८ कार्डे (वस्तू २४, प्रत्येक वस्तू दोन गाड्यांवर वेगळ्या भावाने), खरेदीच्या १६ याद्या, पाच युरोच्या १६ नोटा, ११२ नाणी, गाडेवाल्यांसाठी चिल्लरीच्या आठ डब्या आणि पुस्तकाचे चित्र असलेली आठ कार्डे. ही पुस्तके कशाला, ते पुढे येईल.

आठ मुले गाडेवाली, उरलेली ३२ जोडीने गिऱ्हाइके. प्रत्येक जोडीला दहा युरो मिळतात : एक नोट आणि सात नाणी (दोनचे एक, एकची दोन, पन्नास सेंटचे एक, वीसची दोन, दहाचे एक). यादीतल्या पाच वस्तू दहा युरोत बसत नाहीत, कारण याद्या तशाच आखल्या आहेत. स्वस्त गाडा शोधायचा तर दोन्हीकडे भाव विचारावा लागतो, आणि तरीही एखादी वस्तू सोडावी लागते. कोणती सोडायची यावर जोडीत जी चर्चा होते ती फ्रेंचमध्ये व्हावी, म्हणून यादीच्या मागे सहा वाक्ये छापली आहेत.

भाव गाडेवाल्याने हातातच लपवून ठेवायचे. फ्रान्समध्ये दुकानदाराने भाव लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बाजारात ते पाटीवर लिहिलेले दिसतात, हे मुलांना जरूर सांगा. वर्गात मात्र भाव दिसला की 'से कोंबियाँ?' (केवढ्याला?) हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

दुसरा नियम : 'बाँझूर' (नमस्कार) ऐकल्याशिवाय गाडेवाल्याने वर बघायचेसुद्धा नाही. मराठी मुलाला थेट 'टोमॅटो कसे दिले?' विचारण्यात काहीच गैर वाटत नाही, आणि आपल्याकडे ते गैर नाहीही. फ्रान्समध्ये अभिवादनाआधी प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा ठरतो. हे फळ्यावर लिहून मुलांच्या लक्षात राहत नाही. दोन वेळा गाडेवाल्याने दुर्लक्ष केले की राहते.

घासाघीसही होणारच. भाजीबाजारात ती तिथे सहसा करत नाहीत, जुन्या वस्तूंच्या बाजारात करतात. म्हणून आठव्या गाड्यावर जुन्या वस्तू ठेवल्या आहेत, तिथे खुशाल करू द्या.

आता पुस्तकाची कार्डे. फ्रेंचमध्ये 'लीव्र' शब्द पुल्लिंगी असेल तर पुस्तक, स्त्रीलिंगी असेल तर अर्धा किलो. 'यून लीव्र द तोमात' म्हणजे अर्धा किलो टोमॅटो. 'अँ लीव्र' म्हटले की गाडेवाला न बोलता पुस्तकाचे कार्ड हातात ठेवतो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. लिंगाची चूक झाली की अर्थ कसा बदलतो, हे दाखवण्याचा याहून थेट मार्ग आम्हाला माहीत नाही. मराठीत तीन लिंगे असल्याने आपल्या मुलांना निर्जीव वस्तूला लिंग असते याचे आश्चर्य वाटत नाही. अडचण येते ती मराठीचे लिंग तसेच उचलून नेण्याची. खुर्ची आणि खिडकी दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पण घर आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिथे स्त्रीलिंगी, चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी आणि तिथे स्त्रीलिंगी.

भाव मुद्दाम १,७५ किंवा २,९५ असे ठेवले आहेत (दशांशाच्या जागी तिथे स्वल्पविराम असतो). सत्तर ते नव्व्याण्णव हा आकड्यांचा सगळ्यात अवघड पट्टा यामुळे चुकवता येत नाही. पंच्याहत्तर म्हणजे साठ-पंधरा, पंच्याण्णव म्हणजे चार-वीस-पंधरा. मुले कुरकुरली तर एकोणऐंशी आठवून द्या. आपण ऐंशीतून एक वजा करतो, फ्रेंच माणूस साठात एकोणीस मिळवतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' असे सुटसुटीत शब्द आहेत, हेही सांगा. पण बाजार फ्रान्सचा आहे, इथे ते चालणार नाहीत.

युरो हा शब्द स्वराने सुरू होतो, त्यामुळे आधीच्या आकड्याचे मुके व्यंजन बोलू लागते. दोन, तीन आणि सहा युरो म्हणताना मध्ये 'झरा'तला 'झ' यायला हवा. 'नफ' (नऊ) मधला 'फ' मात्र इथे 'फ'च राहतो. त्याचा 'व्ह' होतो तो 'वर्षे' आणि 'वाजले' या दोनच शब्दांपुढे.

वेळेची विभागणी : पाच मिनिटे वाक्यांचा सराव, दहा मिनिटे पहिली फेरी, दोन मिनिटांत गाडेवाले बदलणे, दहा मिनिटे दुसरी फेरी, आठ मिनिटे हिशेब. गाडेवाले बदलले नाहीत तर ती आठ मुले तासभर फक्त आकडे बोलतात आणि कंटाळतात. जोडीतही एकाने बोलायचे, दुसऱ्याने पैसे मोजायचे आणि प्रत्येक गाड्यावर अदलाबदल करायची; नाहीतर हुशार मूलच सगळी खरेदी उरकते.

गाड्यावर सर्वांनी 'वु' (तुम्ही) वापरायचे. तू आणि तुम्ही यांचा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, पण तो तंतोतंत जुळतही नाही. बाबांना आणि आजोबांना 'अहो' म्हणणाऱ्या घरातले मूल फ्रेंचमध्येही त्यांना 'वु' म्हणू लागते. तिथे आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांना साधारणपणे 'त्यू' (तू).

गालेत दे रुआ : जानेवारीसाठी

६ जानेवारीच्या सणाला फ्रान्समध्ये बदामाचे सारण भरलेली पापुद्र्यांची गोल गालेत कापतात. आत एक 'फेव्ह' (शब्दशः बी) लपवलेली असते. पूर्वी ती खरोखरच सुकी बी असे, पुढे चिनी मातीची छोटी मूर्ती आली. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसते आणि कोणता तुकडा कोणाचा ते तिथून सांगते. ज्याच्या तुकड्यात फेव्ह निघते तो राजा किंवा ती राणी. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादातल्या गालेतमध्ये मात्र फेव्ह घालत नाहीत, कारण प्रजासत्ताकात राजा नसतो. मुलांना ही माहिती फार आवडते.

पेटीत प्रत्येकी आठ तुकड्यांच्या पाच पुठ्ठ्याच्या गालेत आहेत. एका तुकड्याच्या मागे फेव्हचे चित्र चिकटवा. आठांचा गट करा. सर्वांत लहान कोण हे जन्मतारखा फ्रेंचमध्ये विचारूनच ठरवायचे; तारखा आणि साल यांचा सराव तिथेच होतो. ते मूल बाकाखाली बसते. गट विचारतो, 'से पुर की?' (हा कोणासाठी?) उत्तरात नाव घ्यायचे नाही, वर्णन करायचे : 'चष्मा लावणाऱ्या मुलीसाठी', 'खिडकीजवळ बसणाऱ्या मुलासाठी'. नाव चालवले तर खेळ दोन मिनिटांत संपतो आणि भाषा शून्य. वर्णन दोघींना लागू पडले तर गटाने 'लाकेल?' (कोणती?) असे विचारायचे.

खरी गालेत करून आणण्याचे कोणी सुचवले तर त्यात बी किंवा मूर्ती लपवू नका, ती घशात अडकू शकते. बदामाची ॲलर्जी कोणाला आहे का तेही आधी विचारा.

पेतांक : व्हरांड्यात

खऱ्या खेळात धातूचे गोळे सहा ते दहा मीटर अंतरावरच्या 'कोशोने' या छोट्या लाकडी चेंडूजवळ टाकतात आणि तेरा गुण झाले की डाव संपतो. पेटीत कापडी गोळे आहेत; अंतर तीन मीटर ठेवा, डाव सातवर संपवा. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत, कारण खेळाचे नावच प्रोव्हान्सच्या बोलीतल्या 'रोवलेले पाय' या शब्दांवरून आले आहे.

गोळे पांढरे आणि हिरवे का, असे विचारले जाते. 'बूल' (गोळा) स्त्रीलिंगी आहे. लाल किंवा निळ्या रंगाचे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप कानाला सारखेच लागते, त्यामुळे चूक पकडता येत नाही. पांढऱ्याचे 'ब्लाँ' आणि 'ब्लाँश', हिरव्याचे 'व्हेर' आणि 'व्हेर्त' होते. मोजपट्टी लावण्याआधी संघाने 'पांढरा हिरव्यापेक्षा जवळ आहे' हे वाक्य बिनचूक म्हणायचे. रूप चुकले तर गुण नाही, गोळा कितीही जवळ असला तरी.

पुदुच्चेरीचा नकाशा

रस्ता विचारण्याच्या सरावासाठी पॅरिसऐवजी पुदुच्चेरी घेतली आहे. १९५४ पर्यंत तिथे फ्रेंच सत्ता होती आणि र्यू द्युमा, र्यू स्युफ्रेन अशी रस्त्यांची नावे आजही पाट्यांवर आहेत. समुद्राजवळच्या जुन्या भागात रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे नवशिक्यांना दिशा सांगणे सोपे जाते. एका मुलाकडे नावे असलेला नकाशा, दुसऱ्याकडे कोरा. बोटाने दाखवायचे नाही. सगळ्यात जास्त चुकते ते 'आ द्रुआत' (उजवीकडे) आणि 'तू द्रुआ' (सरळ) यांत. शेवटचा 'त' ऐकू आला तर वळा, नाही तर चालत राहा, एवढे सांगून पाच मिनिटे मुलांना वर्गातच चालवा, मग नकाशा हातात द्या.

पेटीची निगा

कार्डे लॅमिनेट केलेली आहेत. ओल्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात कपाटात ठेवण्याआधी कोरडी करा, नाहीतर कडा सुटतात. खेळ संपल्यावर नाणी डबीनिहाय मोजून घ्या, पाच सेंटची सर्वांत आधी हरवतात. हरवलेली नाणी, कार्डे आणि गालेतचे तुकडे सुटे मिळतात; मागणी करताना कार्डाच्या मागच्या कोपऱ्यातला क्रमांक कळवा. कोरी आठ भावकार्डे जादा दिली आहेत, त्यांवर बाजाराचे नवे भाव तुम्ही स्वतः लिहू शकता. सेंटचा आकडा सत्तरच्या वर ठेवा.