विसरण्याची सोय काढून घेतली तर

चार्ली ब्रुकर यांच्या, दर भागात तंत्रज्ञानाची स्वतंत्र गोष्ट सांगणाऱ्या ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेवर एक ठरलेला आक्षेप घेतला जातो: ती तंत्रज्ञानाचा बागुलबुवा उभा करते. मला तो पटत नाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर सुरू झालेल्या आणि पुढे नेटफ्लिक्सवर गेलेल्या या मालिकेतली यंत्रं बहुतेक वेळा सांगितलेलं काम चोख करतात. ती न पेलणारा असतो तो माणसाचा मेंदू.

विज्ञान लंगडं पडतं ते दुसरीकडे. २०१६ च्या एका भागात यांत्रिक मधमाश्यांचे थवेच्या थवे देशभर फिरतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये खरोखरच माशीएवढा यंत्रकीटक उडवला, पण त्याला वीज बारीक तारेतून द्यावी लागली. इतक्या चिमुकल्या देहावर बॅटरी लादायची कशी, हे कोडं मालिका शिताफीने टाळते.

पहिल्या पर्वातल्या तिसऱ्या भागाकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. कानामागे बसवलेलं कणाएवढं यंत्र माणसाने पाहिलेलं, ऐकलेलं सगळं साठवतं. लियाम नावाच्या वकिलाला बायकोच्या वागण्यात काहीतरी खटकतं आणि तो एकाच मेजवानीतले क्षण रात्रभर मागेपुढे करून पाहत राहतो.

आपली आठवण अशी नसते. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लेडू या मेंदूसंशोधकांनी उंदरांना विशिष्ट आवाज आणि विजेचा झटका यांची सांगड शिकवली. पुढे तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच उंदरांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात प्रथिननिर्मिती रोखणारं औषध सोडलं. नंतर त्या उंदरांना आवाजाची भीती फारशी वाटेना. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे बाहेर काढलेली आठवण काही काळ मऊ पडते आणि तिला नव्याने घट्ट व्हावं लागतं. त्या अवधीत ती बदलू शकते. भांडणाची धार वर्षांनी बोथट होते, त्यात या प्रक्रियेचाही वाटा असावा असं मला वाटतं. लियामच्या चित्रफितीला ही मुभाच नाही. ती शंभराव्यांदाही पहिल्याइतकीच ताजी.

जवळजवळ प्रत्येक दिवस आठवणाऱ्या एका स्त्रीचं वर्णन स्मृतिसंशोधक जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. तिला ही देणगी नव्हे, ओझं वाटत होतं.

२०१३ च्या ‘बी राइट बॅक’ या भागामध्ये हीच गोष्ट शोकाबद्दल आहे. अपघातात गेलेल्या अ‍ॅशचे जुने संदेश वाचून एक प्रणाली त्याच्यासारखी बोलू लागते, आणि पुढे तिला त्याच्यासारखा कृत्रिम देहही मिळतो. आजची भाषा-प्रारूपंही (चॅटबॉटमागच्या प्रणाली) आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द बेततात, त्यामुळे संवादाचा हा भाग आता कल्पनारम्य वाटत नाही. अ‍ॅशने जे कधी लिहिलंच नाही, त्याची चिडचिड, त्याचा हट्ट, ते त्या नकलेत येणार कुठून? अ‍ॅशची जोडीदार मार्था त्या नकलेवर संतापते ती नेमकी याच पोकळीमुळे. तरीही ती नक्कल नष्ट करणं मार्थाच्याने होत नाही. शेवटी ती नक्कल माळ्यावर राहते आणि मार्थाची मुलगी शनिवार-रविवारी तिला भेटायला वर जाते.