केळीची बाग, हरवलेली म्हैस आणि भोरड्यांचा थवा

समजा, रावेरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत म्हैस शिरली आहे आणि तिच्या गळ्यातला टॅग रेडिओ संदेश सोडतो आहे. ठिबकासाठी ओलावा मोजणाऱ्या सेन्सरांचे खांब बागेत आधीच उभे असून प्रत्येकाला तो संदेश कमी-अधिक जोराने मिळतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की संदेशाची शक्ती चौथाई उरते. टॅगची मूळ शक्ती ठाऊक असल्याने तीन खांबांवरून तीन वर्तुळे काढली की म्हैस सापडायला हवी. पण केळीचे खोड आणि पाने पाण्याने भरलेली असतात, आणि टॅगच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पाणी शोषून घेते. मधल्या झाडांनीच शक्ती चौथाईवर आणली, तर ४० मीटरवरची म्हैस हिशेबात ८० मीटरवर जाते आणि वर्तुळे एका बिंदूत मिळत नाहीत.

म्हणून प्रश्न उलटा घालतात. म्हैस अमुक जागी असती, तर प्रत्येक खांबाला किती जोर मिळाला असता? हा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी भरेल, ती तिची जागा. अडचण अशी की ही बेरीज नकाशावर उंचीसारखी मांडली, तर सातपुड्याच्या पायथ्यासारखी घळीघळींची जमीन दिसते, आणि नुसते उताराने जाणारे गणित पहिल्याच घळीत अडकून बसते.

जेम्स केनेडी हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि रसेल एबरहार्ट हे विद्युत अभियंता. या दोघांनी १९९५ साली पक्ष्यांच्या थव्यावरून शोधाची एक रीत मांडली. हिवाळ्यात दादर ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या भोरड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती लवकर उमगेल. तीस-चाळीस ‘पक्षी’ नकाशावर विखुरतात. प्रत्येक पक्षी म्हणजे जागेचा एक अंदाज. त्याची पुढची झेप त्याच्या आधीच्या वेगावर, त्याला स्वतःला सापडलेल्या सर्वांत चांगल्या जागेवर आणि थव्याला सापडलेल्या सर्वांत चांगल्या जागेवर ठरते. शेवटच्या दोन ओढींना दर वेळी यदृच्छेने कमी-जास्त वजन दिले जाते. थव्याची ओढ फार वाढवली, तर सगळे घाईने एकाच चुकीच्या घळीत उतरतात.

पुढे काजवे, वटवाघळे, लांडगे अशी नावे घेऊन कितीतरी रीती आल्या. त्यांतल्या काहींत प्राणी नवा आणि गणित जुनेच, असे मला वाटते. शिवाय सर्व शक्य प्रश्नांची सरासरी घेतली, तर कोणतीच शोधरीत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही, हे वोल्पर्ट आणि मॅकरेडी या संशोधकांनी १९९७ मध्ये सिद्ध केले आहे. केळीच्या बागेत त्याहून कामाची युक्ती वेगळीच आहे: अंतरागणिक शक्ती किती वेगाने घटते, हा आकडा गृहीत न धरता तोही थव्यालाच शोधायला लावायचा. मग प्रत्येक पक्षी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण यांच्या जोडीला बागेचा दाटपणाही चाचपतो, आणि त्यासाठी तीन खांबांवर भागत नाही, आणखी रोवावे लागतात.