चष्मा, कानाचं मशीन आणि अमेरिकेतली नर्सिंग होम्स

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डिलिव्हरी नाहीतर अपेंडिक्सचं छोटं हॉस्पिटल, पण अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास नर्स असलेला वृद्धाश्रम म्हणा हवं तर, आजारी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं राहतात तिथे. त्यांना दिसायला-ऐकायला कमी येतं यात नवल नाही, नवल हे की चष्म्याचे आणि मशीनचे पैसे कोणी भरायचे हे अजून नीट ठरलेलं नाही.

गोष्ट सुरू होते ३० जुलै १९६५ ला. प्रेसिडेंट जॉन्सन मिसुरीत इंडिपेंडन्सला गेले आणि माजी प्रेसिडेंट ट्रुमनना शेजारी बसवून मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअरमुळे पासष्टीपुढच्यांना हॉस्पिटलचा आधार मिळाला, पण नेहमीचा चष्मा आणि कानाचं मशीन सरळ वगळलं. नंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एक चष्मा मिळायला लागला, मशीन मात्र नाहीच. गरिबांसाठीचं मेडिकेड नर्सिंग होमचा खर्च उचलतं, पण मोठ्या माणसांना मशीन द्यायचं का हे राज्याराज्यावर सोडलेलं.

मेडिकेडच्या पैशावर होम्स वाढली, तशा तक्रारीही वाढल्या. १९८६ ला इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेचा कडक रिपोर्ट आला आणि १९८७ च्या डिसेंबरात प्रेसिडेंट रेगननी सही केलेल्या बजेटच्या कायद्यात नर्सिंग होम सुधारणा घुसवल्या गेल्या. त्यातून आलेल्या नियमात होमने डोळ्या-कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला आणि गाडीची सोय करायला मदत करायची असं आहे. मदत हां, बिल भरायचं नाही!

शिवाय प्रत्येकाचा एक लांबलचक फॉर्म भरायचा असतो, ऐकू कसं येतं, मशीन आहे का, दिसतं कसं, चष्मा आहे का. २०१० च्या आवृत्तीत स्मरणशक्तीची चाचणी आली, तीन शब्द सांगायचे, सॉक, ब्लू, बेड, आणि लगेच म्हणून घ्यायचे, मग थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. आता ज्या आजोबांना सॉक ऐकूच आलं नाही ते काय म्हणणार? मशीन ड्रॉवरमध्ये पडलेलं आणि कागदावर स्मरणशक्ती गेलेली, असं सहज होऊ शकतं.

आणि स्वतःच्या खिशातून घ्यावं म्हटलं तर मेडिकेडवरच्या माणसाचं जवळपास सगळं पेन्शन होमला जातं, हातखर्चाला महिन्याला किमान ३० डॉलर ठेवायचे असा केंद्राचा नियम, आणि हा आकडा १९८८ पासून तोच (काही राज्यं जास्त देतात). मशीनचं बिल होमला द्यायच्या रकमेतून वळतं करून घेता येतं खरं, पण ते कागद करणार कोण.

२०२१ ला मेडिकेअरमध्ये मशीन घालायचं बिल खालच्या सभागृहात पास झालं, सिनेटमध्ये अडकलं. १७ ऑक्टोबर २०२२ पासून मशीन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायला लागलं, तेही सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या मोठ्यांसाठीच. नर्सिंग होममधल्या आजींना त्याचा किती उपयोग कोण जाणे, कारण मशीन स्वस्तात आणलं तरी रोज सकाळी ते कानात घालायला आणि रात्री काढून डबीत ठेवायला कोणीतरी लागतंच, नाहीतर चादरीबरोबर लाँड्रीत जातं.