जुन्या गाडीची टेललाईट: नवा सेट घेण्याआधी काय पाहावे

गाडी चालवताना स्वतःची टेललाईट कुणालाच दिसत नाही. ती गेल्याचे मागून येणाऱ्याने सांगितले तर कळते, आणि रात्रीच्या घाटात सांगायला थांबतो कोण? म्हणून आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी हे माहितीपत्रक काढले आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, पहिल्या वॅगन आर, किंवा कुणी जिवापाड जपलेली पद्मिनी असो, चिपळूणच्या पावसात उभ्या राहणाऱ्या या गाड्यांची दुखणी साधारण सारखीच असतात.

"टेललाईट लागत नाही, नवीन सेट टाका" असे म्हणत गाडी येते, तेव्हा बहुतेक वेळा सेट बदलायची गरजच नसते. बल्ब, होल्डर आणि अर्थ (दिव्याची गाडीच्या पत्र्याला आवळलेली वायर) ही तीन ठिकाणे तपासल्याशिवाय आम्ही नवा सेट विकत नाही. काम दुसरीकडे करून घेतलेत तरी हा आग्रह जरूर धरा.

बल्ब

या गाड्यांत टेललाईट आणि ब्रेकलाईट बहुधा एकाच बल्बमध्ये असतात. त्यावर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असे लिहिलेले असते. आत दोन फिलामेंट असतात: ५ वॅटची टेलची, २१ वॅटची ब्रेकची. त्यामुळे टेल गेली तरी ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे. बल्ब काढून उजेडासमोर धरा. तार तुटलेली दिसली किंवा काच आतून काळी पडली असेल तर बल्ब बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एक गेला की त्याच वयाचा दुसराही फार टिकत नाही.

या बल्बच्या बुडाला दोन खिळ्या असतात आणि त्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. पण गंजून सैल झालेल्या होल्डरमध्ये जोर लावला तर तो उलटाही बसतो. मग ब्रेकची फिलामेंट टेल म्हणून सतत पेटलेली राहते आणि ब्रेक दाबल्यावर उजेडात जेमतेम फरक पडतो. मागच्याला तुम्ही ब्रेक मारल्याचे कळतच नाही. याच जागी कुणी एका फिलामेंटचा बल्ब बसवला असेल तर आणखी एक गंमतशीर वाटणारी पण धोक्याची खूण दिसते: ब्रेकवर पाय ठेवला की मीटरचे दिवे उजळतात. असे दिसले तर गाडी तशीच चालवू नका.

दोन्ही ब्रेकलाईट एकाच वेळी गेल्या तर बल्बच्या मागे लागू नका. आधी फ्यूज बघा, मग ब्रेक पेडलच्या वरचा छोटा स्विच.

अर्थ

आमच्या अनुभवात जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यांचे सगळ्यात मोठे दुखणे हेच, आणि ओळखायला सगळ्यात सोपेही. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो का? इंडिकेटर लावल्यावर टेललाईट त्याच्या तालावर कमी-जास्त होते का? तसे असेल तर दिव्याचा अर्थ गेलाय. बल्बमधून गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचा असतो. जिथे वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढला की करंटला तो रस्ता बंद होतो आणि तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

अर्थ पूर्ण जात नाही, अर्धवट जातो, ही खरी अडचण. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड साधारण ३० टक्के घटतो. मालक म्हणतो, "लागते की!" लागते खरी, पण मागच्या गाडीला ती उशिरा दिसते.

तपासायला वायरचा एक तुकडा पुरतो. त्याचे एक टोक होल्डरच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा डिकीतल्या स्वच्छ, उघड्या पत्र्याला लावा. दिवा एकदम प्रखर झाला तर दोष अर्थचाच. मग बॅटरीचे टर्मिनल काढून अर्थचा बोल्ट खोलायचा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, वायरचे टोक साफ करायचे, घट्ट आवळायचे आणि वरून ग्रीस लावायचे. होल्डरच्या आतला हिरवट थरही खरवडून काढायचा. जुलै २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांत हा थर वायरच्या आवरणाखाली पार आतपर्यंत गेलेला सापडतो. तिथे नुसते घासून भागत नाही, तेवढी वायरच बदलावी लागते.

पाणी आणि काच

सकाळी काचेच्या आत वाफ धरते आणि उन्हे आल्यावर जाते, त्याची काळजी नको. तळाशी पाणी साचून डुचमळत असेल तर मात्र रबराचे पॅकिंग कडक झालेय किंवा खालचे बारीक भोक चिखलाने बुजलेय. पुष्कळ जण सभोवार सिलिकॉन थापतात. त्यात ते भोकही बुजते, पाणी आतच राहते आणि होल्डर वर्षभरात सडतो. पॅकिंग नवे टाका, भोक मोकळे ठेवा.

पूर्ण सेट कधी बदलायचा? आतली चंदेरी चमक उडून राखाडी झाली असेल, लाल रंग उन्हाने उडून गुलाबी पडला असेल, किंवा काच फुटून मागे पांढरा उजेड जात असेल तेव्हा. तिथे पैसे वाचवू नका. फुटक्या काचेवर लावलेली लाल टेप गॅरेजपर्यंत येण्यापुरती ठीक. काळी फिल्म आम्ही लावून देत नाही. नवा सेट घेताना त्यात लाल रिफ्लेक्टर आहे ना ते पाहा. रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून उभी असलेली गाडी त्याच्यामुळेच दिसते.

डिकी किंवा मागचे दार उघडताना नंबरप्लेटचा किंवा वरचा ब्रेकलाईट लुकलुकत असेल, तर बिजागरीपाशी रबरी नळीतली वायर आतून तुटलेली आहे.

एलईडी

साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकू का, असे विचारणारे खूप आहेत. जुन्या दिव्याच्या आतला चंदेरी रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड तिथून निघत नाही, त्यामुळे जवळून झगझगीत दिसणारा दिवा लांबून किंवा बाजूने फिका पडतो. शिवाय एलईडी करंट कमी घेते, म्हणून इंडिकेटर भराभर फडफडतो. आमचा सल्ला: चांगल्या कंपनीचा साधा बल्बच ठेवा.

पावसाळा आणि पासिंग

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. कुंभार्ली किंवा परशुराम घाटात धुके उतरले की चांगला दिवाही कमी पडतो, अधू दिव्याचे तर नावच नको. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. वळणार आहात की थांबलात, हे मागच्याला समजत नाही. टेललाईट आणि खालचा हेडलाईट पुरेसा. १५ वर्षे पूर्ण झालेली गाडी पुन्हा ५ वर्षांसाठी पासिंगला नेताना तिचे सगळे दिवे पाहिले जातात, तेव्हा ही कामे आधी उरका.

गाडी मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या गर्दीआधी एकदा दाखवा. दिवे, फ्यूज आणि अर्थ तपासायला फार वेळ लागत नाही, तुम्ही समोर थांबू शकता. काढलेला बल्ब किंवा सेट तुमच्या हातात देतो. म्युझिक सिस्टीम, टो-हुक किंवा रिव्हर्स कॅमेरा नंतर बसवला असेल तर येतानाच सांगा. त्यांच्या वायरी बऱ्याचदा टेललाईटच्या वायरीतूनच काढलेल्या असतात आणि आम्ही शोध तिथूनच सुरू करतो.