सोलापूरचा उन्हाळा, साधं जेवण आणि वाईन : पार्श्वभूमी

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जाऊन बसला की सोलापुरातलं रात्रीचं जेवण आपोआप हलकं होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, फोडलेला कांदा, कधी धपाटे आणि रविवारी मटण. या जेवणासोबत थंड वाईन घ्यावी का, कोणती घ्यावी, हा प्रश्न शहरात आता पूर्वीइतका परका राहिलेला नाही, कारण वाईन आपल्याच जिल्ह्यात तयार होते. तरीही अकलूजची बाटली सोलापूरच्या ताटापर्यंत का पोहोचत नाही, याचा इतिहास चवीपेक्षा परवान्यांचा जास्त आहे, आणि त्यातला बहुतेक भाग 2001 नंतरचा आहे.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. दारूचं राजकारण या शहराला नवं नाही. मे 1930 मध्ये रूपाभवानी परिसरात ज्यांच्या रसापासून दारू होते ती शिंदीची झाडं तोडायला जमाव निघाला, अटका झाल्या, गोळीबार झाला आणि पुढे मार्शल लॉ लागला. चार हुतात्म्यांची कथा इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. शिंदीवरचा विरोध हा सरकारच्या अबकारी उत्पन्नावरचा घाव होता आणि दारूमुळे मोडणाऱ्या संसारांचं दुःखही त्यात होतं. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. तो पुढे बराच सैल झाला, पण पाया तोच राहिला. आजही राज्यात पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. वाईन या कायद्यात देशी-विदेशी मद्याच्याच रांगेत उभी राहिली आणि त्याच दुकानात, त्याच लोखंडी जाळीमागून विकली जाऊ लागली.

द्राक्ष मात्र आपल्याकडे वेगळ्या वाटेने मोठं झालं. सोलापूर जिल्ह्यातलं द्राक्ष मुख्यतः खायचं. उत्तर सोलापुरातल्या नान्नजच्या एका बागायतदाराने निवडपद्धतीने काढलेलं लांब मण्याचं सोनाका आणि काळं शरद सीडलेस महाराष्ट्रभर पसरलं. पंढरपूर-सांगोला पट्ट्यात बेदाण्याचे शेड उभे राहिले. ही द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची आणि गोड. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी आणि साखरेसोबत आंबटपणाही टिकलेला असावा लागतो. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा प्रामुख्याने सालीतून येतो. त्यामुळे खायच्या द्राक्षाचा भाव पडला की उरलेला माल वायनरीला, म्हणजे वाईनच्या कारखान्याला, जाईल, ही समजूत चुकीची आहे. सुपरमार्केटमध्ये वाईन विकावी का, या 2022 च्या वादात दोन्ही बाजूंनी ती वापरली म्हणून इथे नोंदवली.

2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, परवाने सोपे झाले, नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क आखले गेले. पुढच्या सहा-सात वर्षांत वायनरी भराभर उभ्या राहिल्या आणि करारावर वाईनची द्राक्षं लावली गेली. 2008 च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी बसली. टाक्या भरलेल्या असल्याने वायनरींनी माल उचलला नाही आणि शेतकऱ्यांना बागा उपटाव्या लागल्या. वाईनचं द्राक्ष बाजार समितीत विकता येत नाही, ही त्या काळाची सगळ्यात कडवट शिकवण होती.

याच उलथापालथीच्या आगेमागे माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात, इटालियन आणि भारतीय भागीदारांनी बागा लावल्या. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखात सांजोव्हेजेसारखी इटालियन जात रुजली. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात तोड उन्हाळ्याच्या शेवटी येते, आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर. ऊन चढलं की द्राक्षातला आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून तोड भल्या पहाटे उरकतात.

तो आंबटपणा आपल्या जेवणासाठी मोलाचा आहे. शेंगाचटणीत शेंगदाण्याचं तेल, लसूण आणि तिखट. त्या तेलकटपणाला शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यों ब्लांकसारखी आंबटसर पांढरी वाईन छान कापते. तिखटाचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि तुरट, जड रेडने आणखी बोचतो, म्हणून काळ्या मसाल्याच्या मटणासोबत जाड रेड घ्यायची रूढ शिफारस सोलापूरच्या मे महिन्यात साफ फसते. किंचित गोडसर शेनिन किंवा थंड रोझे (गुलाबी वाईन) इथे जास्त शहाणी निवड. बाजार आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्याला तर हलकी, थंड केलेली रेड खरोखर आवडू शकेल. ‘रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्या खोलीत मेमध्ये 35 अंश असतात, तेव्हा रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलीच पाहिजे. पांढरी 8 ते 10 अंशांना उत्तम. 750 मिलिलिटरची बाटली म्हणजे साधारण पाच ग्लास, घरातल्या चार-पाच प्रौढांच्या जेवणाला पुरेशी.

आता मूळ वादाकडे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि वॉक-इन दुकानांत वाईन विकायला मान्यता दिली. दुकान किमान 1000 चौरस फुटांचं हवं, वाईनसाठी कुलूप लावता येईल असं वेगळं कपाट हवं आणि वार्षिक शुल्क 5000 रुपये. प्रार्थनास्थळं आणि शाळा-कॉलेजांच्या जवळच्या दुकानांना परवानगी नव्हती, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांनाही वगळलं होतं. ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र’ हा शब्द विरोधी बाकांवरून आला आणि दोन दिवसांत सगळीकडे झाला. सत्ताधारी बाजूने उत्तर आलं, वाईन म्हणजे दारू नव्हे. राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांच्याकडून उपोषणाचा इशारा दिला गेला आणि फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ या वाक्याने निर्णयाचं सर्वात जास्त नुकसान केलं. वाईनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं. बीअरपेक्षा ते जास्तच. हे लपवून कोणाला पटवणार? सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांनी नवऱ्याच्या पिण्यात घर बुडताना पाहिलं आहे. त्यांच्यापुढे हे वाक्य टाकणं हा त्यांच्या अनुभवाचा अपमान होता. गावातलं दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान लढवणाऱ्या बायकांचा आक्षेप नीतिवचनातून आलेला नाही, हिशोबातून आलेला आहे. दुसरा दावा शेतकऱ्यांच्या फायद्याचा. सोनाका पिकवणाऱ्या नान्नजच्या किंवा बेदाणा करणाऱ्या कासेगावच्या शेतकऱ्याला त्यातून थेट काही मिळणार नव्हतं. मिळालं असतं ते करारावर वाईनची द्राक्षं लावणाऱ्या थोड्यांना, आणि 2008 पाहिलेल्यांना खात्रीच्या मागणीची किंमत ठाऊक होती.

तरीही निर्णयाची खरी बाजू मजबूत होती, आणि ती कोणी नीट मांडली नाही याची खंत वाटते. वाईन जेवणाबरोबर घेण्याचं पेय आहे. ती किराण्यासोबत, बायकोसोबत उभं राहून, लेबल वाचून घेता आली असती तर पिण्याची सवय रस्त्याकडेच्या दुकानाऐवजी घरच्या ताटाशी जोडली गेली असती. आज ती क्वार्टरच्या बाटल्यांशेजारी, बऱ्याचदा बिनएसीच्या दुकानात, उभ्याने तापत असते. 30 अंशांवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या वाईनचा ताजेपणा जातो, मग पहिल्यांदा चाखणारा तिला आंबलेला रस म्हणतो आणि परत फिरकत नाही. सोलापूरसारख्या उष्ण शहरात थंड कपाटाची अट घालून विक्री सुरू झाली असती तर निदान चवीचा न्याय झाला असता.

नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. 2022 च्या मध्यावर सरकार बदललं आणि सुपरमार्केटमधली विक्री प्रत्यक्षात आली नाही. उत्पादकांना मिळणारा सरकारी पाठिंबा मात्र कायमचा थांबला नाही. वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देणारी प्रोत्साहन योजना काही काळ बंद पडल्यानंतर 2024 मध्ये पुन्हा सुरू करण्याचं ठरलं. म्हणजे टाकीतल्या वाईनला सरकारचं बळ आहे आणि बाटली विकत घ्यायला निघालेल्या सोलापूरकराची वाट 2001 मध्ये होती तीच आहे.